पानांवर टॉवेल

पाच फेब्रुवारी. मेपलची कुंडी बदलायची होती. पण त्याआधी झाड जिवंत आहे का, ते बघायचं होतं.

झाड नौबादच्या नर्सरीतल्या अण्णांचं. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. गिऱ्हाईक झाडाजवळ आलं की खांद्यावरचा टॉवेल काढून ते पानांवर टाकायचे. ‘पान बघू नका अक्का, खोड बघा.’

मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला बोन्सायसाठी लाल जपानी मेपल हवं होतं. त्यांच्याकडे उटीहून आणलेली तीन जातींची रोपं होती. झालरीसारख्या पानांचं मला आवडलं, तर म्हणाले, ते आपल्या उन्हात आधी करपतंय. दुसरं काळपट लाल. त्याच्या कलमाच्या जागी गाठ होती, ती जन्मभर दिसली असती. तिसरं साधंच, पण बुंधा खाली रुंद, वर निमुळता. ते घेतलं.

एप्रिलमध्ये ते हिरवं झालं. मी कुंडी स्कूटरवर पायाशी ठेवली, मैलूरच्या घरून थेट नर्सरी गाठली आणि चार गिऱ्हाइकांसमोर अण्णांना सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टॉवेल टाकला.

‘आता सांगा, झाड बदललंय का?’

‘लाल म्हणून दिलं होतंत.’

‘लालच हाय. पालवी लाल येतीय. उन्हाळ्यात लाल ऱ्हायचा हट्ट करत न्हाई, म्हणून जगतंय. तुमी कामून हट्ट करायलाव?’

गिऱ्हाइकं हसली. मी कुंडी उचलून घरी आले.

गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा अण्णा नर्सरी बंद करून उदगीरला मुलीकडे गेले. जाताना त्याच जातीचं, कुणालाही न विकलेलं स्वतःचं जुनं झाड टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे सोपवलं. थंडीत दोन्ही झाडांची पानं गळाली. जानेवारीअखेर माझ्या झाडाला डोळे फुटले. त्यांचं तसंच काटकुळं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, ‘खोड कसं हाय?’ मी न बघताच ‘छान’ म्हणायची.

पाच फेब्रुवारीला नखानं त्यांच्या झाडाची साल खरवडली. शेंड्याची एक फांदी तपकिरी. दुसरीही. मग बुंध्याला नख लावलं. आत ओलं, हिरवंगार. मी तिथेच पायरीवर बसले. नंतर कुंडी बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच फोन केला. दोन फांद्या गेल्या, खोड हिरवं आहे, असं खरं ते सांगितलं.

‘शेंड्याच्या दोन?’ त्यांनी विचारलं. ‘त्या कवाच कापायच्या व्हत्या. माझाच हात होत न्हवता.’

फोन ठेवला, दोन्ही फांद्या कापल्या आणि टॉवेल धुऊन वाळत घातला.