वटाणे सोलायला लावणारी वंदना

वंदना काल गेली, आणि मी तिच्यावर अजूनही जळते आहे.

खोटं कशाला बोलू? कालपासून सगळ्यांच्या प्रोफाइलवर तिचा फोटो आहे. त्याखाली लिहिलेलं वाचता वाचता माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की मी गेले तर एवढे लोक लिहितील का.

नाही लिहिणार.

आम्ही दोघी रायपूरच्या शाळांमध्ये शिक्षकांना ट्रेनिंग द्यायचो. एखाद्या मुलावर अत्याचार होत असेल तर ते वर्गात कसं ओळखायचं, मूल बोललं तर ऐकायचं कसं, पुढे कुणाला कळवायचं.

कॉलेज एकच, डिग्री एकच. मार्क माझे जास्त.

आणि ती साधीसुधी वगैरे अजिबात नव्हती हं. हॉलमध्ये शिरायच्या आधी लिपस्टिक ठीक करायची आणि ग्रुप फोटोत बरोबर मधोमध उभी राहायची.

शंकर नगरच्या हॉलमध्ये सकाळचं सेशन माझं असायचं, जेवणानंतरचं तिचं. जेवणानंतर लोक पेंगतात, म्हणून मीच तसं ठरवलं होतं.

लोक माझ्याच सेशनला पेंगायचे.

माझ्याकडे प्रोजेक्टर, स्लाइड्स, कायद्याची कलमं. तिच्याकडे पिशवीभर वटाणे. उन्हाळ्यात लसूण.

खाली पेपर पसरायचा, शिक्षकांना जोडीने बसवायचं. एकाने मूल व्हायचं, एकाने शिक्षक. दोघांनी सोलत सोलत बोलायचं. मूल झालेल्याने काहीतरी अवघड सांगायचं, आणि दुसऱ्याने ना "अरे देवा" म्हणायचं, ना हात थांबवायचे.

"पोट्टे डोळ्यात डोळे घालून सांगत नाहीत," ती म्हणायची. "हात कामात असले की बोलून जातात."

शहराच्या टोकाला, उरला भागातल्या एका शाळेत हेडमास्तर उभे राहिले. "मैडम, हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं होता।"

मी कलम सांगायला उठत होते. त्याआधीच वंदना म्हणाली, "हव सर, नहीं होता। आप मटर छीलिए।"

त्यांनी सोलले! अर्धा तास मान खाली घालून सोलले. मग हळूच तिला विचारलं, "कोई बच्ची आकर बताए, तो सबसे पहले क्या बोलूँ?"

त्याचं उत्तर माझ्या स्लाइडवर सकाळीच येऊन गेलं होतं.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, "नाटक आहे तुझं सगळं."

"हाय ना नाटक. तुले काहून राग येऊन राहिला? हे वटाणे ने घरी, मटर-भात कर."

मी नेले. भात चांगला झाला, त्याचाही राग आला.

आता पुढचं. हे लेकीला विचारून लिहिते आहे. "लिख दो मम्मा, मौसी के लिए लिख दो," असं तीच म्हणाली.

तेव्हा ती सातवीत होती. वंदना रविवारी आमच्या चौबे कॉलोनीच्या घरी यायची. त्या दिवशी दोघी गॅलरीत वटाणे सोलत बसल्या होत्या. मी चहा घेऊन आले तर वंदना म्हणाली, "बस इथं. तिनं मले एक गोष्ट सांगितली. मी लपवून ठेवणार नाही, हे तिले आधीच सांगितलं. म्हणून तिच्यासमोरच तुले सांगून राहिली."

ट्यूशनच्या सरांबद्दल होतं. याहून जास्त इथे लिहिणार नाही.

माझ्या तोंडातून प्रश्न निघायला लागले. कधी, कुठे, आधी का नाही...

वंदनाने माझ्या हातावर हात ठेवला. "पुन्हा नाही विचारायचं. तिचं एकदा सांगून झालं."

ही ओळ माझी होती. माझ्या स्लाइडवरची. माझ्याच घरात, माझ्याच पोरीसाठी, आणि बोलत होती ती.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार झाली. वंदना आमच्यासोबत दिवसभर तिथे बसली. केस उभी राहिली. लेक सावरली, पुन्हा भांडायला लागली, पुन्हा खिदळायला लागली.

नशीब, वंदना होती, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. माझ्या पोरीला तिनं वाचवलं, हे मला कळत नाही असं नाही.

पण अख्ख्या शहराला ऐकायला शिकवणारी आई घरात असताना माझ्या पोरीनं तिला सांगितलं. हे गिळता येत नाही हो.

खूप दिवसांनी लेकीला विचारलं होतं. म्हणाली, "मम्मा, आप रो देतीं। फिर मुझे ही आपको चुप कराना पड़ता।"

एकदा चिडून वंदनालाच म्हटलं, "माझी पोरगी आधी तुझ्याकडे कशी काय येते?"

मला वाटलं, आता ही समजूत काढेल. ती आरशात बघून टिकली नीट करत म्हणाली, "येणारच ना. तुले दुखवाची भीती वाटते तिले. मले दुखलं तर तिचं काय जाते?"

आणि स्वतःच जोरात हसली. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

काल लेक बिलासपूरहून धावत आली. आता कॉलेजात आहे. वंदनाच्या घरून परत आल्यावर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली,

"मम्मा, अब मैं किसको बताऊँगी?"

मी समोर होते. पाण्याचा ग्लास घेऊन, हातभर अंतरावर.

वंदना, शाळांचं मी बघते. पुढच्या आठवड्यातलं सेशन रद्द करणार नाही.

पण पोट्टीच्या मनातली तुझी जागा मला तू असताना हवी होती. तुझ्या नाकावर टिच्चून हवी होती. तू गेल्यामुळे रिकामी झालेली घेऊन मी काय करू?

जा बाई. शेवटचा नमस्कार तुला.