भोंगा कुणाला ऐकू येतो?

"धोक्याचा भोंगा ऐकू येत नसेल, तर तिला मशीनवर ठेवायचं कसं?" डाळमिलचे मॅनेजर मला शांतपणे विचारत होते. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

प्रश्न चुकीचा नव्हता. तीच माझी अडचण होती.

मी लातूरला वकिली करते. माझी अशील नजमा जन्मापासून बहिरी, शाळेत कधी गेलेली नाही. चौदा वर्षं त्या मिलमध्ये तुरीचं टरफल काढणाऱ्या रोलरवर काम करत होती. नवे मॅनेजर आले आणि महिनाभरात 'सेफ्टी'चं कारण सांगून त्यांनी तिला घरी बसवलं. तिला माझ्याकडे घेऊन आली ती तिच्याच पाळीतली कौसाबाई. सगळी हकीकत कौसाबाईनंच सांगितली. नजमा शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

दिव्यांगांच्या कायद्यात 'वाजवी सोय' असा शब्द आहे. माणसाला काम करता यावं म्हणून मालकानं झेपेल एवढा बदल करायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण धोका खराच असेल, तर मालकाची बाजू भक्कम होते. आम्ही दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. त्यांनी एका अधिकाऱ्याला जागेवर जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. यात चार महिने गेले.

पाहणीच्या दिवशी मी बॅगेत कोर्टाच्या निकालांच्या प्रती भरून गेले. नजमा आणि मी दाराशी उभ्या राहिलो. रोलर सुरू झाले आणि मला माझाच आवाज ऐकू येईना. पायाखालची फरशी थरथरत होती. अधिकाऱ्यांनी मॅनेजरना काहीतरी विचारलं. त्यांना कळलं नाही. अधिकारी ओरडले. तरी नाही. शेवटी मॅनेजरनी टोकाच्या ऑपरेटरकडे बघितलं, उजवी मूठ डाव्या तळव्यावर दाबली आणि झटक्यात बाजूला ओढली. ऑपरेटरनं स्विच पाडला. मशीन थांबलं.

"भोंगा का नाही वाजवला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

ऑपरेटर म्हणाला की रोलर चालू असताना तो कुणालाच ऐकू येत नाही. मग हा हातवारा कुणी शिकवला, असं त्यांनी मॅनेजरना विचारलं. इथं सगळेच करतात, आपल्याला कौसाबाईनं दाखवला, असं ते म्हणाले.

"आन् मला नजमानं," कौसाबाई म्हणाली. "बंद करा, पट्टा सरकला, पोतं आना, समदं तिचंच हाय. आत तोंडानं बोलून काय उपेग? रोलर चालू झाला की आमी समदेच बहिरे."

अधिकाऱ्यांनी मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि नजमाला आत बोलावलं. त्या गडगडाटात वीसेक बाया तिच्याशी एकदम हातांनी बोलू लागल्या. ती एकेकीला उत्तर देत होती. कुणाच्या तरी थट्टेवर सगळी शेड हसली. हसण्याचा आवाजही आम्हाला आला नाही. तिथं काही न कळणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि ते साहेब. एक अक्षर न शिकलेल्या बाईनं अख्ख्या मिलला भाषा दिली होती, आणि चौदा वर्षांत तिला स्वतःलाही त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

बॅग मी उघडलीच नाही. नजमाला कामावर परत घेतलं, मधले महिने नोकरीत धरले. प्रत्येक रोलरवर भोंग्याबरोबर पेटणारा लाल दिवा लावायचा आयुक्तांचा आदेश झाला. मॅनेजरनी तो आठवड्यात लावला, आणि आता तो सगळ्यांनाच उपयोगी पडतो.

आदेशात मॅनेजरची चूक नोंदली गेली. माझी राहिली. तक्रारअर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं, 'अर्जदार हिला बोलता येत नाही.'