अर्ध्या करून खाल्लेल्या गोळ्या

आमची ही आता नाही. फिटने नाही गेली, हार्टने गेली. पण मी खरा घाबरलो होतो तो सिंगापूरच्या औषधाच्या दुकानात.

मुलाने तिथे वुडलँड्सला आपल्या घरी बोलावलं आणि मग मुक्काम वाढवायला लावला. हिच्या फिटच्या गोळ्या आधीच्या मुक्कामापुरत्याच होत्या. पण ही बोलेल तर शपथ. पोराला कशाला तोशीस, म्हणून अर्धी अर्धी मोडून खात राहिली. त्याही संपल्या तेव्हा तोंड उघडलं. पाकिटं पुण्यातच टाकलेली. सगळ्या गोळ्या डबीत ओतून आणल्या होत्या, का तर बॅगेत मेतकुटाला जागा पाहिजे.

त्यात चिनी नववर्ष. मुलगा कामासाठी बाहेरदेशी, बिल्डिंगखालचा दवाखाना बंद. सूनबाई आम्हाला मॉलमधल्या दुकानात घेऊन गेली. हिला खुर्चीत बसवलं. डावा अंगठा उडत होता. फिट यायची तर आधी तोच उडायचा.

काउंटरवरची फार्मासिस्ट इंग्रजीत बोलायची, सून मला मराठीत सांगायची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फिटची गोळी मिळत नाही. डॉक्टरने आधी दिलेली असेल आणि खरीच निकड असेल, तर थोड्या देता येतात, कायदा आहे तसा. पण तिची खात्री पटली पाहिजे. गोळीचं नाव काय? पॉवर किती?

“पांढरी,” ही म्हणाली. “मधे रेघ.”

“अगं, नाव विचारतेय ती!”

“आणता तुम्ही. तुम्हीच सांगा.”

मला कुठलं इंग्रजी वाचता येतंय. मी ओरडलो, “द्या म्हणावं कुठलीही!”

“बाबा, ओरडू नका. चुकीची दिली तर आईंनाच भोगावं लागेल.”

मग सुनेने पुण्याच्या केमिस्टला फोन लावला. तो म्हणतो, “काकूंची होय? थांबा, गिऱ्हाईक आहे.” गिऱ्हाईक! शेवटी त्याने नाव सांगितलं, पॉवर सांगितली. फार्मासिस्टने खोदून खोदून विचारलं. अर्ध्या खाल्ल्या हे ऐकून तिचा चेहराच पडला. दोन-तीन दिवसांपुरत्या दिल्या आणि दवाखाना उघडला की लगेच जा म्हणाली.

हिने तिथेच गोळी गिळली. टॅक्सीत बसल्यावर डोळे मिटले. झोप म्हणायची का फिट? मी खांदा हलवला.

“काय हो?”

“काही नाही.”

परत मिटले. परत हलवला.

“अहो, मेले नाही अजून! झोपू द्या.”

पुढच्या सीटवर सून हसली. मला हसू येईना. घर येईपर्यंत मी हिला झोपू दिलं नाही.