लपणाचं बुटकं दार

जेवण झालं की मी ओसरीवर पदर तोंडावर घेऊन आडवी होते. झोपत नाही. म्हातारी झोपली असं वाटलं की घरातली माणसं खरं बोलतात, ते ऐकायचं असतं. आज कुणी बोलत नाही. माझी सून कांचन भांडी घासतेय, तीही वाजू न देता. एवढा राग.

कारण सांगते. धरणाच्या फुगवट्याच्या काठी, आमच्या जागेत, पाखरं बघायला येणाऱ्यांसाठी लपण बांधतोय. लपण म्हणजे कुडाची खोली. आत माणूस, बाहेर पाखरू, मधे डोळ्यांपुरती फट. पलीकडच्या काठावर कुणीतरी निळ्या पत्र्याचा मनोरा ठोकला, तेव्हापासून तिकडं एक पाखरू उतरत नाही. हाच एक कोपरा राहिलाय. म्हणून कांचननं डोकं लावलं. भिंती पाणकणसाच्या आणि मातीच्या, छप्पर बसकं, फट उत्तरेला पाण्याकडं आणि दार दक्षिणेला, झाडीतून मागनं यायला.

मी म्हटलं, माझ्या जागेत दक्षिणेला दार होणार नाही. तिकडनं यम येतो. दार पूर्वेला, चार माणसांच्या घराला असतं तसं.

ती म्हणाली, पूर्वेला दार म्हणजे उघड्या काठावरनं चालत यायचं, सकाळचं ऊन सरळ आत, आतली माणसं फटीतून हलताना दिसणार. एकदा बुजून उठलेली पाखरं परत यायची नाहीत आत्या.

मी म्हटलं, न येऊ देत. आणि काल स्वतः उभी राहून दक्षिणेची भिंत लिंपून घेतली. ऊन कललं की सुतार येणार, चौकट पूर्वेला बसवायला.

पदरातून ऊन लाल दिसतं. मग हिरवट दिसतं. मग कळतं की हा पदर नाही, पाणकणसाची भिंत आहे, आणि मी लपणात बसलेय.

शेजारी थोरली जाऊ. गेल्या भाद्रपदात गेली ती. एक गुडघा उभा करून बसलीय, दाताला मिश्री लावतेय. लुगडं कोरडं, पण ती बसलीय तिथं पाणी साचलंय.

"सरक जरा," ती म्हणते. "अजून जागा अडवूनच बसतेस."

"तुम्ही मेलात, थोरल्या बाई."

"मग उभी राहू का?"

"मेल्यावर तरी टोमणे सोडा."

"आत्ता कुठं सवड मिळालीय." ती मिश्रीचं बोट लुगड्याला पुसते.

"आलात कुठनं? पूर्वेकडनं तर कुणी आत आलं नाही."

ती अंगठ्यानं पाठीमागची, दक्षिणेची भिंत दाखवते.

"तिकडं भिंत आहे."

"तुला भिंत. आम्हाला वाट."

मी फटीला डोळे लावते. पाण्यावर ती डोक्याला दोन काळे पट्टे असलेली बदकं, कांचन त्यांना पट्टकदंब म्हणते. एक मान वर करतं. मग दुसरं. सगळी माझ्याकडं बघतात. आणि त्यांच्यामधे गुडघाभर पाण्यात माणसं उभी आहेत. माझी सासू. नाववाला धोंडीबा. शेजारची अनुसया, जिला मी स्वतः शेवटचं न्हाऊ घातलं होतं. कुणाची पापणी लवत नाही. एक बदक सासूच्या निऱ्यांना चोच घासतं, ती हलत नाही.

"कधीपासून उभी आहेत ही?"

"रोज असतात. एक तरी पाखरू बुजतंय का बघ. आम्ही बघतो, दिसत नाही. लपण म्हणजे एवढंच असतं, धाकटे. तुझी सून तेच बांधतेय. तू निघालीस घर बांधायला. तोरणसुद्धा लावशील."

तोरणाचं मी कुणाला बोलले नव्हते.

फट आता जुन्या स्वयंपाकघरातलं धुराडं आहे. थोरली चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि चुलीत जाळाच्या जागी पाणी हलतंय. माझ्या पाठीशी पूर्वेचं दार उघडतं. ऊन आत येतं, भिंतीवर चढतं, आणि मी धुराड्यात उभी दिसते, बाहेरून, पुरती, पदरासकट.

बदकं एकदम उठतात. पंखांचा आवाज नाही. ती वर गेली तशी खालची माणसं एकमेकांकडं बघतात आणि पाण्यात खाली जायला लागतात. सासू माझ्याकडं पाठ करते. मग नुसतं पाणी.

"ती माणसं का गेली?"

"पाखरं गेल्यावर आम्ही कुणात उभं राहायचं?"

भाकरी तव्यावर तशीच आहे, कच्ची.

"दार फिरव," थोरली म्हणते.

"मी बोललेलं फिरवत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर मला यावं लागलं."

ती दक्षिणेच्या भिंतीतून बाहेर पडते. तिथं आता दार आहे, कमरेइतकं. पलीकडनं तिचा आवाज येतो. "वाकून ये."

"मी तुमच्यापुढं कधी वाकले नाही."

"माझ्यापुढं नको. चौकटीपुढं वाक. ताठ येणारं माणूस पाखराला लांबनं दिसतं."

मी वाकते. अर्धीच. वरची माती गारेगार कपाळावर आदळते, आणि थोरली हसते. जिवंतपणी हसायची तशीच, नाकातून.

"आत्या."

कांचन चहा घेऊन उभी आहे. अंगणात सुताराची सायकल टेकवलेली.

"तो आलाय," ती म्हणते, आणि थांबते. "कपाळाला काय लावलंय?"

मी हात लावते. ओली माती. तिच्यात भुसा आणि पाणकणसाचा कापूस. आज मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. ती पुसायला पदर पुढं करते. मी तिचा हात धरते.

"राहू दे. सुताराला सांग, चौकट दक्षिणेला बसव. आणि बुटकी कर, कमरेइतकी. यायचं त्यानं वाकून यावं."

ती चहा माझ्यापुढं ठेवते. मग तीही माझीच सून, विचारतेच. "आणि यम?"

"त्याला दार लागत नाही."

ती सुताराकडं जाते. थोड्या वेळानं आत भांडी वाजायला लागतात, नेहमीसारखी. मी चहा संपवते. कपाळावरची माती अजून वाळलेली नाही.