फुलसावंगीचं ‘हत्यार’ आणि माझं सबटायटल

माझ्या सोलकढीवरच्या लेखाखाली तुम्ही लोक सहसा ‘कृती द्या’ एवढंच लिहिता. मागच्या महिन्यात तिथे एक वेगळीच कमेंट आली. ‘मॅडम, माहितीपटाच्या शेवटी तुमचं नाव आहे. माझे दादाजी काय बोलले ते तुम्ही नीट ऐकलं होतं का? – जसमीत, इयत्ता नववी, फुलसावंगी, जिल्हा यवतमाळ.’

खुलासा करते. फिरणं हा माझा छंद, पोट मात्र भाषांतरावर चालतं. एका परदेशी वाहिनीने, जी तिथल्या सरकारच्या पैशावर चालते, शिखांच्या इतिहासावर माहितीपट केला. त्यातला थोडा भाग महाराष्ट्रातला होता. त्याचा आवाज माझ्याकडे पुण्यात आला, चित्र आलं नाही. मी ऐकायचं आणि पडद्याच्या तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी लिहून द्यायच्या. ओळ छोटी हवी, डोळ्याला झेपेल एवढीच. एक म्हातारा लोहार म्हणाला होता, “आमी पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं बनवतो.” मी ‘हत्यारं’ला इंग्रजीतला तो शब्द लावला, जो बंदुकीला आणि बॉम्बला लावतात. चहा थंड व्हायच्या आत दहा ओळी उरकल्या होत्या.

आमच्याकडे येणारा सुतारसुद्धा ‘हत्यारं घेऊन येतो’ म्हणून जातो आणि चार दिवस उगवत नाही. म्हणजे मला हा शब्द कोणी शिकवायची गरज नव्हती.

कमेंट वाचून मी तो माहितीपट पहिल्यांदा नीट पाहिला. सुरुवातीला महायुद्धातले पगडीवाले सैनिक, काळ्या-पांढऱ्या चित्रात कूच करताना. ते चित्रण त्या सरकारच्याच संग्रहातलं. मग हल्लीच्या बातम्यांचे तुकडे: पोलीस, घोषणा, एका मंत्र्याचा चिंतेचा चेहरा. आणि मग आठ सेकंद एक म्हातारा तापलेल्या लोखंडावर हातोडा घालतोय, खाली माझी ओळ. हातातली वस्तू धुरात दिसतच नाही. तो विळा होता.

जसमीतला मी मेल केला. तिने सगळं कळवलं. तो तुकडा गावाच्या ग्रुपवर फिरला. शाळेत दर वर्षी गावातलं एक कुटुंब येऊन आपला इतिहास सांगतं, यंदा तिच्या दादाजींची पाळी होती. दोन पालकांनी तक्रार केली आणि कार्यक्रम पुढे ढकलला गेला. नवरा म्हणाला, फोन करून सॉरी म्हण की. मला ते पटेना. शब्द मी घरबसल्या चुकवला होता, माफीसुद्धा घरबसल्याच मागायची म्हणजे फारच झालं.

तर ज्यांना तिकडे जायचंय त्यांच्यासाठी: पुण्याहून यवतमाळला रात्रीच्या स्लीपर बस आहेत. खालची बर्थ मागा, वरची घेतलीत तर प्रत्येक गतिरोधक आयुष्यभर लक्षात राहील. डिसेंबरात शाल हवीच. यवतमाळला सकाळी उतरले ती कुडकुडतच आणि स्टँडबाहेर तर्रीपोहे खाल्ले. “तर्री कमी,” असं म्हटल्यावर पोहेवाल्याने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, तशी दया मला बऱ्याच दिवसांत कोणी दाखवली नव्हती.

तिथे राठोड सर भेटले. ते जसमीतचे इतिहासाचे शिक्षक, कुठल्याशा कचेरीच्या कामाला आले होते आणि मला सोबत नेणार होते. आम्ही एसटीने महागावला निघालो. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ ठेवा. रस्ता आर्णीवरून जातो आणि झकास आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, मधे तुरीच्या ओळी, वेचणीला निघालेल्या बायका.

राठोड सर बंजारा समाजाचे. घरी गोरबोली, वर्गात पुस्तकी मराठी आणि एसटीत अस्सल वऱ्हाडी. मी त्यांना माहितीपटातल्या त्या महायुद्धाच्या चित्रांबद्दल विचारलं. ते म्हणाले, ज्या सरकारला शिपाई हवे होते त्याने शिपायांचेच फोटो जपून ठेवले, लोहाराचा फोटो कोण कशाला काढेल? आजही त्या देशातले पुढारी एक दिवस त्या सैनिकांना फुलं वाहतात, निवडणूक आली की लंगरमध्ये पोळ्या लाटतात आणि तिसऱ्या दिवशी त्याच लोकांवर नजर ठेवायच्या गोष्टी करतात. बाहेरच्या प्रेक्षकाला शीख माणूस एवढ्या तीनच कपड्यांत माहीत असतो.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जुन्या गोऱ्या साहेबानं आमच्या माणसाईले चोर लिहून ठेवलं, अन् या शीख लोकाईले जन्माचे शिपाई. विचारलं मात्र कोणालेच नाही.”

विचारलं मीसुद्धा नव्हतं.

महागावहून फुलसावंगीला काळीपिवळी मिळते. ती भरली की सुटते, आणि ‘भरली’ म्हणजे काय हे चालक ठरवतो. रस्ता कुठे नवाकोरा, कुठे नुसती गिट्टी. गाव चांगलं मोठं आहे, बाजारपेठ आहे, राहायला लॉज मात्र शोधू नका. माझी सोय सरांच्या घरी होती, जेवण जसमीतकडे.

तेजासिंगांचं, म्हणजे जसमीतच्या दादाजींचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात भट्टी, ऐरण आणि भिंतीला टेकवलेले विळे, खुरपी, कुऱ्हाडी. हे लोक शिकलकरी शीख, लोखंडाला आकार आणि धार देणारे. सत्तरीचा माणूस, आभाळी पगडी, चष्म्याची दांडी तारेने बांधलेली. ‘या ताई’ म्हणाले, खुर्ची पुसून दिली आणि पुन्हा कामाला लागले. जसमीत दारात उभी होती. ती माझ्याशी नीट बोलली, त्यांच्याशी नाही. एवढं मला आल्या आल्या दिसलं.

कारण जसमीतच्या आईने स्वयंपाकघरात सांगितलं. तुकडा पाहिल्यावर पोरीने दादाजींना विचारलं होतं, तुम्ही असं काहून बोलले? ते म्हणाले, मी तसं बोललोच नाही. तिने मोबाइल पुढे केला, इथे लिहिलंय म्हणून. ते इंग्रजी त्यांना वाचता येईना. तेव्हापासून ती शेडमध्ये त्यांच्याजवळ बसायची बंद झाली होती.

“जगानं काई म्हनलं असतं तं चाललं असतं,” आई म्हणाली. “पन घरच्या पोरीनं आज्यापेक्षा त्या खालच्या अक्षरायवर भरोसा केला, हे त्याईले लई लागलं.”

मला तिथल्या तिथे रडू आलं. त्या माउलीने माझ्या हातात तुरीच्या ओल्या शेंगा दिल्या, सोलता सोलता बोलू म्हणाली. हाताला काम मिळालं आणि मी सावरले. जेवायला सोलेभात होता, म्हणजे त्याच ओल्या दाण्यांचा भात, सोबत भाकरी आणि वांग्याचं भरीत. वाढताना तिने विचारलं, सांबार टाकू का? मी वाटी पुढे केली. जसमीत खुदकन हसली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. शब्दावर माझी ही दुसरी घसरगुंडी, पण हिच्यावर निदान लोक हसले.

जेवण झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं. “जसमीत, दादाजींची काही चूक नाही. ते बरोबर बोलले. मी न बघता, न विचारता चुकीचा शब्द लिहिला. तू वाचलंस ते त्यांचं बोलणं नव्हतं, माझं होतं.”

मी पर्समधून कागद काढला. वाहिनीला पाठवायची दुरुस्ती मी तयारच करून आणली होती: ‘हत्यार’च्या जागी ‘अवजार’, साधं, शेतीचं, कुणाला खटकणार नाही असं. मी ती मोठ्या उत्साहात वाचून दाखवली. तेजासिंगांनी शांतपणे ऐकलं.

“अवजार नोका लिहू, ताई,” ते म्हणाले. “माह्या पणजोबाचा पणजोबा गुरूंच्या फौजेच्या तलवारीले धार लावे. मी इळ्याले लावतो. दोन्ही हत्यारच. तुमी पयले माहा इळा खाऊन टाकला, आता तलवार खाऊन राह्यल्या.”

मी चूक सुधारायला आले होते आणि दुसरी चूक टाइप करून, प्रिंट काढून सोबत आणली होती. माहितीपटाने त्यांना भयंकर म्हणून दाखवलं होतं, मी आता त्यांना निरुपद्रवी करायला निघाले होते. पूर्ण माणूस दोन्हीकडे नव्हता.

“मग काय लिहायचं?” जसमीतने विचारलं. कित्येक दिवसांत ती त्यांच्याशी थेट बोलली ते हे पहिलंच वाक्य.

“मले काय माईत? मले कुठं इंग्रजी येते. तुले येते नं.”

दुसऱ्या दिवशी शाळेत. राठोड सरांनी मुख्याध्यापकांकडून एक तास मिळवला होता. तक्रार करणाऱ्या दोघांपैकी एक पालक येऊन मागे उभा राहिला, हाताची घडी घालून. आधी मी बोलले. भाषांतर कसं चुकलं, ते चित्र न पाहता कसं केलं, सगळं सांगितलं आणि नववीच्या मुलांची माफी मागितली.

मग तेजासिंगांनी पोत्यातून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, वखराची पास, म्हणजे जमीन खरवडणारं लोखंडी पातं. हे कोणाच्या घरी आहे, विचारलं. सगळे हात वर. हे घरी काय म्हणून मागता? मुलं एका सुरात म्हणाली, हत्यार. मागे उभ्या पालकाच्या घडीतले हात तेवढ्यात सुटले, कारण टेबलावरची पास त्याचीच होती, धार लावायला टाकलेली. त्याने ओशाळून, ती कधी मिळेल असं विचारलं. तेजासिंग म्हणाले, उद्या या.

जसमीतने तिचं पान वाचलं. दहाव्या गुरूंच्या सोबतीने नांदेडच्या बाजूला आलेले कारागीर, नंतर गावोगाव पांगलेली कुटुंबं, बैलगाडीवर लादलेली ऐरण. हे कुठल्या संग्रहात नाही, तिच्या घरात सांगत आलेत तसं तिने लिहिलं होतं. एका मुलाने विचारलं, तुम्ही तलवार बनवता काय?

“माह्या आज्यानं बनवली होती,” तेजासिंग म्हणाले. “मले कोनी सांगतच नाई बनवाले. सारे इळेच मांगतात.”

वर्ग हसला. दुपारी मी निरोप घ्यायला गेले तेव्हा जसमीत शेडमध्ये दादाजींच्या शेजारी बसून भाता फिरवत होती. तिने मला वहीचा कागद दिला, त्यावर इंग्रजीत एकच वाक्य. मराठीत सांगायचं तर: ‘माझ्या दादाजींचे पूर्वज गुरूंच्या फौजेच्या तलवारींना धार लावत, दादाजी आमचं धान्य कापणाऱ्या विळ्यांना धार लावतात आणि आमच्या भाषेत या दोन्हींना एकच शब्द आहे, हत्यार.’ व्याकरणाची एक चूक होती. तेवढी तिला विचारून सुधारली. बाकी हात लावला नाही.

तिच्या आईने वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि ‘ताई, पुन्हा येजा’ म्हणाली. मी ज्यांचं नुकसान केलं त्यांनीच मला दोन दिवस जेवू घातलं. या ब्लॉगवर मी बरेच किल्ले, समुद्र आणि थाळ्या मिरवल्यात. कृतज्ञ होऊन परतले अशी जागा मात्र हीच.

पुण्याला आल्यावर ते वाक्य वाहिनीला पाठवलं. सभ्य उत्तर आलं: वाक्य फार लांब आहे, शस्त्र की अवजार, कृपया एक निवडा. मी कळवलं, निवडणार नाही. पाच मेल झाले. शेवटी इंटरनेटवरच्या प्रतीत त्यांनी जसमीतचं वाक्य घातलं. टीव्हीवर जे दिसलं ते दिसलं, ते काही परत आणता येत नाही, आणि गावाच्या ग्रुपवर जुना तुकडा टाकणाऱ्याने नवा अजून टाकलेला नाही.

मी ती प्रत उघडून पाहिली. दृश्य आठच सेकंदांचं, ओळ पडदाभर, अर्ध्यात येईपर्यंत दुसरंच चित्र सुरू होतं. पूर्ण वाचायची तर व्हिडिओ थांबवावा लागतो. मी जरा घाबरतच हे जसमीतला कळवलं. म्हटलं, लोकांना थांबावं लागेल गं, छोटं करून देतेस का?

तिचं उत्तर आलं, “मग थांबू द्या ना त्यांना, मावशी.”