सुपारीआधी साफ केलेलं तळं

आमच्या क्वार्टरसमोर तीन तळी होती आणि तिन्हींत नाशिकच्या एका भागाचं सांडपाणी होतं. वडील तिथे ऑपरेटर. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पहिल्या तळ्यात गावाची घाण यायची, शेवटच्यातून बऱ्यापैकी निवळलेलं पाणी नाल्यात जायचं, आणि मधलं काम शेवाळ करायचं. सुटं सुटं दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ. पाणी मेंदी कालवल्यासारखं हिरवं दिसायचं ते त्याच्यामुळे. ऊन पडलं की ते पाण्यात प्राणवायू सोडतं, त्यावर जंतू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. हे मला शाळेत नाही, जेवताना कळलं. वडील दुसरं काही बोलतच नसत.

हिरवं असेपर्यंत तळ्याला फारसा वास नसतो, पण लग्नाच्या बाजारात हे कोण ऐकून घेणार? ‘राहायला कुठे?’ ‘सांडपाण्याच्या तळ्यांजवळ.’ इथेच बोलणी संपायची. मी बी.कॉम. होते, दिसायला बरी होते. जिभेने तिखट होते, ते आई लपवायची. पत्ता मात्र लपवता येत नव्हता.

मग घोटीचं स्थळ आलं. भातशेतीचं घर, मुलगा अंबडला कारखान्यात. पोह्यांच्या वेळी त्याने मला स्वयंपाक येतो का, हे विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “रात्री ऊन नसतं. तेव्हा शेवाळ काय करतं?”

मला आजवर कोणी विचारलेला हा पहिला बरा प्रश्न. “तेव्हा तेही प्राणवायू खातं,” मी म्हटलं. “म्हणून पहाटे तळं जरा मलूल असतं.” तो हसला. मला तो आवडला, आणि आवडला म्हणूनच धडकी भरली.

त्याच्या आईला मी पसंत पडले, तळं नाही. निघताना ओट्यावर थांबून त्या म्हणाल्या, “पोरगी चांगली हाय. पण पानी लय हिरवं हाय बाई. सुपारीला आमची चार मानसं येतील, नावं ठेवतील.”

हे मामाने ऐकलं. मामा निफाडकडचा द्राक्षबागवाला. वेलीवर रोग दिसला की मोरचूद, पाण्याच्या हौदात शेवाळ धरलं की मोरचूद. भाचीचं जमत आलेलं लग्न एका रंगावरून अडतंय म्हटल्यावर तो कशाला गप्प बसतो? सुपारीच्या आठवडाभर आधी, वडील पलीकडे पहिल्या तळ्याची जाळी साफ करत असताना, त्याने घरासमोरच्या शेवटच्या तळ्यात मोरचुदाची पोती रिकामी केली. कोणाला विचारलं नाही. चांगल्या कामाला विचारायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात.

पाणी खरंच निवळलं. आईने मामासाठी पुरणपोळ्या केल्या. वडील तळ्यावरून आले आणि पाटावर बसलेच नाहीत. “मेलं,” एवढंच म्हणाले.

“दाजी, कसं नितळ दिसतंय आता!” मामा म्हणाला.

“तेच सांगतोय.”

मेलेलं शेवाळ तळाशी कुजलं, प्राणवायू संपला, आणि सुपारीच्या सकाळी तळं काळं पडून सडक्या अंड्यांसारखं घाण मारू लागलं. आईने उदबत्तीचा अख्खा पुडा लावला. त्याने एवढंच झालं की सडक्या अंड्यांना मोगऱ्याचा वास येऊ लागला.

पाहुणे जीपमधून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. सुपारी ताटात तशीच राहिली. चहा उभ्याउभ्या झाला. “कळवतो,” मुलाचे वडील म्हणाले. ज्याला मराठी येतं त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी मागच्या दारी जाऊन रडले, मग मामावर ओरडायला गेले. तर तोही रडत होता, त्यामुळे धड ओरडताही आलं नाही.

वडिलांनी नाल्याकडचं दार बंद केलं आणि मधल्या तळ्याचं हिरवं पाणी हळूहळू शेवटच्यात सोडलं.

रविवारी गेटवर स्कूटर थांबली. मुलगा एकटाच आला होता. वडिलांनी त्याच्या हातात बादली दिली. दोघे मधल्या तळ्यातलं हिरवं पाणी काढून काळ्या तळ्यात ओतू लागले. इस्त्रीचा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, आणि तो वास. मी खिडकीत उभी होते.

बऱ्याच खेपांनंतर तो थांबला. “काका, एवढ्या तळ्याला या बादल्यांनी काय होणार?”

“काही नाही. आतून पाणी सोडलंय, ते आपलं आपण हिरवं होईल.”

“मग आपण हे का करतोय?”

“तुम्ही आलात. नुसतं बसवून कसं ठेवायचं?”

त्याने बादली धुऊन पालथी घातली, चहा घेतला, गेला. “गेलं हेही,” आई म्हणाली.

पुढच्या रविवारी स्कूटर पुन्हा आली. घोटीहून काहीही कळवलेलं नव्हतं. तळं अजून काळंच होतं, कडेला जराशी पोपटी झाक. तो उतरला आणि मागच्या सीटला बांधलेली बादली सोडू लागला. नवीकोरी, स्वतःची. आईने ती खिडकीतून पाहिली आणि पोहे भिजवायला आत गेली.