आमच्या लाइनवरचा गोळ्यांचा डबा

राव, आज डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, पत्रे दाबून गाड्यांचे भाग बनवतो. सकाळी आमच्या लाइनवरच्या दत्ताभाऊला हाताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. दहा दिवसांपूर्वी त्यांनी त्याच्या मनगटावरची गाठ काढली होती. छोटं, स्वच्छ ऑपरेशन. "अँटिबायोटिकची गरज नाही," असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते.

तरी जखमेत पू झाला. त्या पूच्या तपासणीचा रिपोर्ट आज आला. वाचून डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठल्या गोळ्या घेत होता?"

दत्ताभाऊ खाली बघत म्हणाला, "कंपनीतल्या डब्यातल्या. ऑपरेशनच्या आधीपासूनच, सेफ्टी म्हणून."

तो डबा मीच सुरू केलाय. घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल प्रत्येकानं त्यात आणून टाकायच्या. कुणाला पत्रा लागला की दोन गिळायच्या आणि परत मशीनवर उभं राहायचं.

डॉक्टर म्हणाले, "त्या गोळ्यांनी मरणारे जंतू मेले. उरलेत ते नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. उद्या हात पुन्हा उघडावा लागेल. बोटं किती वळतील, ते आज सांगता येत नाही."

दुपारी कंपनीत आलो, डबा रिकामा केला, सगळ्यांना कारण सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शिफ्ट सुटताना सहज उघडून पाहिला. आत चार कॅप्सूल होत्या.

कुणीतरी काळजीपोटीच ठेवल्या असणार. मीही तशाच ठेवायचो.

भावांनो, खरं सांगा, तुमच्या लाइनवरचा डबा कोण भरतं?